लेव्हिन्सन आणि लिंक : खुनी पहिल्याच प्रसंगात दाखवून देणारी लेखकजोडी

रात्रप्रवासी

वाचनालयातून आणलेल्या रहस्यकथेच्या पहिल्याच पानावर एखाद्या खोडसाळ वाचकाने पेन्सिलीने खुन्याचे नाव लिहून ठेवलेले असण्याचा अनुभव येथील अनेकांना असेल. माझ्या लहानपणी असे पुस्तक न वाचताच परत करण्याची पद्धत होती, कारण खुनी कळल्यावर उरतेच काय, असा आमचा सरळ हिशेब होता. रिचर्ड लेव्हिन्सन आणि विल्यम लिंक या अमेरिकी पटकथाकारांनी तो खोडसाळपणा स्वतःच केला, तोही दूरचित्रवाणीवर, कोट्यवधी प्रेक्षकांसमोर, आणि त्यावरच ‘कोलंबो’ ही आपली सर्वांत प्रसिद्ध मालिका उभी केली. तिच्यावर आंतरजालावर पुष्कळ लिहिले गेले आहे, परंतु ते बहुतेक नायकाचे काम करणाऱ्या पीटर फॉक यांच्या अभिनयाविषयी आणि त्या मळकट रेनकोटाविषयी असते. हा धागा त्या पात्रामागच्या दोन लेखकांच्या कारकिर्दीविषयी आहे. (कोलंबो म्हणजे येथे लॉस एंजेलिस पोलीस दलातील एक लेफ्टनंट; लंकेतील शहराशी त्याचा काही संबंध नाही.)

लिंक यांचा जन्म १५ डिसेंबर १९३३ चा आणि लेव्हिन्सन यांचा ७ ऑगस्ट १९३४ चा. दोघेही फिलाडेल्फियाचे. १९४६ मध्ये माध्यमिक शाळेच्या अगदी पहिल्या दिवशी त्यांची गाठ पडली. दोघांनाही जादूचे प्रयोग आणि रहस्यकथा यांचे वेड होते, हे येथे मुद्दाम नमूद करतो, कारण जादूगाराचे प्रेक्षकाशी असलेले नाते त्यांच्या पुढील सर्व लेखनात दिसते. शाळेत त्यांनी एकत्र लिहायला सुरुवात केली, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातही ते बरोबरच होते, आणि १९५६ मध्ये तेथून पदवी घेऊन बाहेर पडण्यापूर्वीच त्यांची पहिली कथा ‘एलरी क्वीन्स मिस्टरी मॅगझीन’ने १९५४ मध्ये छापली होती. लष्करातील नोकरीनंतर १९५९ मध्ये दूरचित्रवाणीसाठी त्यांनी लिहिलेले पहिले नाट्य प्रसारित झाले. म्हणजे ओळख झाल्यापासून तेरा वर्षे त्यांना एकमेकांच्या लेखनाची सवय होती; व्यवसायासाठी जमवलेली ही जोडी नव्हती.

कोलंबोचा जन्म मात्र सरळ झालेला नाही. १९६० मध्ये ‘आल्फ्रेड हिचकॉक्स मिस्टरी मॅगझीन’मध्ये या दोघांची एक कथा आली. पती पत्नीचा खून करतो आणि त्याची प्रेयसी त्या पत्नीचा वेष घेऊन विमानतळापर्यंत त्याच्याबरोबर जाते, जेणेकरून त्या वेळी पत्नी जिवंत होती असे लोकांना वाटावे, अशी त्या कथेची कल्पना होती. या कथेत कोलंबो नव्हता. तिचे तासाभराचे दूरचित्रवाणी नाट्य करताना गुन्हेगारासमोर कोणीतरी उभे करणे भाग पडले, म्हणून तो आला. ३१ जुलै १९६० रोजी प्रसारित झालेल्या त्या नाट्यात बर्ट फ्रीड या अभिनेत्याने तो साकारला, आणि ते फार कोणाच्या लक्षात राहिले नाही. त्याच कथानकाचे १९६२ मध्ये ‘प्रिस्क्रिप्शन : मर्डर’ नावाचे नाटक झाले. त्यात खुनी डॉक्टरच्या भूमिकेत जोसेफ कॉटन हे मोठे नट होते आणि कोलंबोच्या भूमिकेत थॉमस मिचेल हे वृद्ध चरित्र अभिनेते. नाटकाचा नायक डॉक्टर होता. पोलीस अधिकारी हे दुय्यम पात्र होते. परंतु प्रेक्षकांनी या दुय्यम माणसालाच उचलून धरले. नाटक गावोगावी फिरले, न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे या मुख्य नाट्यवस्तीत पोहोचले नाही, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस मिचेल यांचे निधन झाले.

याच नाटकावरून २० फेब्रुवारी १९६८ रोजी एनबीसी वाहिनीवर दूरचित्रपट झाला. लेखकांच्या मनात वयस्क नट होता, ली जे. कॉब आणि बिंग क्रॉस्बी यांचा विचार झाला होता. अखेर भूमिका मिळाली ती चाळिशीतल्या पीटर फॉक यांना. त्यानंतर १९७१ च्या मार्चमध्ये दुसरा दूरचित्रपट आला आणि त्याच वर्षी १५ सप्टेंबरला नियमित मालिका सुरू झाली. एकाच कथेचे मासिक, दूरचित्रवाणी, रंगभूमी आणि पुन्हा दूरचित्रवाणी असे चार अवतार झाले, आणि प्रत्येक अवतारात खुनी थोडा मागे सरकत गेला व पोलीस थोडा पुढे आला.

या जोडीची खरी ताकद काय लपवायचे आणि काय उघड करायचे, याच्या निवडीत होती, असे माझे मत आहे. सर्व रहस्यलेखक जे लपवतात ते, म्हणजे खुन्याचे नाव, त्यांनी उघड केले. इतर लेखक जे हौसेने सांगतात ते त्यांनी लपवले. कोलंबोचे घर आपल्याला दिसत नाही. त्याची पत्नी प्रत्येक भागात त्याच्या बोलण्यात असते आणि पडद्यावर कधीही येत नाही. त्याचे पहिले नाव कोणी उच्चारत नाही. पिस्तूल तो बाळगत नाही. एवढेच काय, भागातील पहिली पंधरा-वीस मिनिटे तो स्वतःही नसतो. तेवढ्या वेळात एखादा श्रीमंत, हुशार, समाजात मान असलेला माणूस निगुतीने खून करतो आणि आपण साक्षीदार होतो. मालिकेचा नायक एवढा वेळ पडद्यावर नाही, ही गोष्ट वाहिनीच्या अधिकाऱ्यांना पचणे किती कठीण गेले असेल, याची कल्पना करता येईल. परंतु तो येईपर्यंत आपण खुन्याच्या बंगल्यात इतके रुळलेले असतो, की दारातून आत येणारा तो गबाळा माणूस आपल्यालाही पाहुण्यासारखा वाटतो, आणि खुन्याप्रमाणे आपणही त्याला कमी लेखतो.

आता थोडे ‘डेथ लेंड्स अ हँड’ या भागाविषयी, कारण मालिकेच्या पहिल्या हंगामातील या भागाची पटकथा दोघांनी स्वतः लिहिली आणि तिला १९७२ चे एमी हे दूरचित्रवाणीचे पारितोषिक मिळाले. (रसभंगाचा इशारा : ज्यांनी हा भाग पाहिलेला नाही त्यांनी हा परिच्छेद सोडून द्यावा.) एका खासगी गुप्तहेर संस्थेचा प्रमुख रागाच्या भरात आपल्या अशिलाच्या पत्नीला मारतो. त्याच्या चष्म्याच्या दोन काचांमध्ये प्रेत हलवण्याची, पुरावे पुसण्याची सारी दृश्ये उमटतात, संवाद एकही नाही. पुढे त्याच माणसाला तपासात मदतीसाठी नेमले जाते. म्हणजे खुनी आणि पोलीस एकाच बाजूला काम करीत आहेत. कोलंबो त्याच्या मनात असे भरवतो की मृत स्त्रीची डोळ्यातील एक काच (कॉन्टॅक्ट लेन्स) हरवली असून ती बहुधा कोठेतरी पडलेली असावी. पुरावा तो शोधत नाही. पुरावा नष्ट करण्याची निकड खुन्याच्या मनात निर्माण करतो, आणि खुनी रात्री आपल्याच गाडीच्या डिकीत ती काच शोधताना सापडतो. ज्याला आपण मराठीत ‘खाई त्याला खवखवे’ म्हणतो, त्या म्हणीवर बेतलेली ही पूर्ण पटकथा आहे.

मंडळींनी आपापली मते जरूर मांडावीत.

अडगळीतला वाचक

धागा उत्तम आहे, परंतु एक दुरुस्ती सुचवतो. खुनी आधी दाखवण्याची पद्धत या जोडीने शोधलेली नाही. आर. ऑस्टिन फ्रीमन या इंग्रज लेखकाने १९१२ च्या आपल्या कथासंग्रहात हा उलटा क्रम वापरला होता: आधी गुन्हा, मग त्याचा तपास. आणि गोड बोलून, पुन्हा पुन्हा भेटून, गुन्हेगाराला मानसिकदृष्ट्या कोंडीत पकडणारा अधिकारी तर दस्तयेव्हस्कीच्या ‘क्राइम अँड पनिशमेंट’मध्ये एकोणिसाव्या शतकातच आहे. पोर्फिरी पेत्रोविच हा कोलंबोचा पूर्वज असल्याचे लेव्हिन्सन आणि लिंक यांनी स्वतःच मान्य केले होते. तेव्हा श्रेय द्यायचे असेल तर ते शोधाचे देऊ नये, वापराचे द्यावे.

रात्रप्रवासी

दुरुस्ती पूर्णपणे मान्य. त्यात एवढीच भर घालतो की फ्रीमन यांच्या कथांतील कुतूहल धूळ, तंतू, सूक्ष्मदर्शक यांच्याभोवती असते. या दोघांनी प्रयोगशाळा जवळजवळ बाद केली आणि सगळा तपास दोन माणसांच्या संभाषणात आणला. याला त्यांची नाट्यलेखनाची सवय कारणीभूत असावी. बहुतेक भाग पाहताना असे वाटते की थोडी काटछाट केली तर हा प्रयोग एका दिवाणखान्याच्या नेपथ्यात रंगमंचावर होऊ शकेल.

टंकलेखनिका

संभाषणाचा विषय निघाला म्हणून ‘अजून एक गोष्ट’विषयी लिहिते. कोलंबो निरोप घेतो, दारापर्यंत जातो, खुनी सुटकेचा निःश्वास टाकतो, आणि हा वळून म्हणतो की एक लहानशी गोष्ट विचारायची राहिली. या लकबीचा उगम लिंक यांनी अनेक मुलाखतींत सांगितला आहे. प्रसंग टंकलिखित करून झाला होता, कोलंबो दाराबाहेर गेला होता, आणि मग लक्षात आले की एक प्रश्न विचारायचाच राहिला. पूर्ण प्रसंग पुन्हा टंकलिखित करण्याचा कंटाळा आल्यामुळे त्यांनी त्याला परत आत आणले.

मी स्वतः संगणक येण्यापूर्वी बरीच वर्षे टंकलेखनाचे काम केले आहे. कार्बन लावून तीन प्रती काढल्यानंतर साहेबांना मधल्या परिच्छेदात एक वाक्य घालायचे सुचले की ते वाक्य शेवटी ‘ता. क.’ म्हणून जोडण्यासाठी मी काय काय युक्त्या केल्या, हे माझे मला माहीत. त्यामुळे ही हकीकत वाचल्यावर कोलंबोची ती लकब म्हणजे एक चालताबोलता ता. क. आहे, असे मला वाटले. आज संगणकावर लिहिताना तो प्रश्न मूळ जागी सहज घुसवता आला असता आणि दूरचित्रवाणीच्या इतिहासातील एक उत्तम सवय जन्मालाच आली नसती.

दूरदेशी

कोलंबोच्या छायेत या दोघांचे दुसरे लेखन झाकले जाते, याची मला नेहमी खंत वाटते. मी गेली अनेक वर्षे अमेरिकेत राहत आहे आणि त्यांचे जुने दूरचित्रपट मिळतील तसे पाहत आले आहे. त्यांना पहिले एमी मिळाले ते रहस्यकथेसाठी नव्हेच. १९७० च्या ‘माय स्वीट चार्ली’मध्ये दक्षिणेतील एका ओसाड घरात आसरा घेतलेली गोरी गर्भवती मुलगी आणि एक कृष्णवर्णीय वकील एकमेकांना हळूहळू ओळखू लागतात, त्या पटकथेसाठी ते मिळाले. १९७२ मध्ये, म्हणजे कोलंबो जोरात असताना, त्यांनी ‘दॅट सर्टन समर’ लिहिला. घटस्फोटित पिता एका पुरुषाबरोबर राहतो, हे त्याच्या चौदा वर्षांच्या मुलाला सुट्टीत कळते, एवढेच कथानक. समलैंगिक नात्याकडे सहानुभूतीने पाहणारा अमेरिकी दूरचित्रवाणीवरील तो पहिल्या काही चित्रपटांपैकी एक मानला जातो. त्यातील पित्याच्या तोंडी, निवड करता आली असती तर आपण हे आयुष्य निवडले नसते, अशा अर्थाचे एक वाक्य आहे आणि त्यावर तेव्हाही टीका झाली. मला ते वाक्य आजही खटकते, परंतु त्या काळी वाहिनीकडून हा विषय मान्य करून घेणे हेच मोठे काम होते.

१९७४ मध्ये ‘द एक्झिक्यूशन ऑफ प्रायव्हेट स्लोविक’ आला. युद्धातून पळाल्याबद्दल जानेवारी १९४५ मध्ये गोळ्या घालण्यात आलेल्या अमेरिकी सैनिकाची ही सत्यकथा. अमेरिकेच्या यादवी युद्धानंतर या गुन्ह्यासाठी असा मृत्यू आलेला तो एकमेव अमेरिकी सैनिक. मार्टिन शीन यांचे त्यातील काम विसरता येत नाही. त्याच वर्षी ‘द गन’मध्ये त्यांनी एका पिस्तुलाचा कारखान्यापासून एका हातातून दुसऱ्या हातात होणारा प्रवास दाखवला. आणि १९७७ चा ‘द स्टोरीटेलर’ हा तर मला त्यांचा आत्मपरीक्षणाचा चित्रपट वाटतो. दूरचित्रवाणीवरील आगीचा प्रसंग पाहून एक मुलगा शाळेला आग लावतो आणि त्यात स्वतः मरतो. मुलाची आई लेखकाला जाब विचारते. दर आठवड्याला नवीन खून रचून उपजीविका करणाऱ्या दोन माणसांनी हा प्रश्न स्वतःला विचारला आणि त्याचे सोपे उत्तर दिले नाही.

रात्रप्रवासी यांच्या लेखात याचा उल्लेख नसणे ही मला मोठी उणीव वाटते.

रात्रप्रवासी

उणीव आहेच, आणि आपण ती माझ्यापेक्षा चांगली भरून काढली आहे. एक निरीक्षण मात्र मांडतो. आपण सांगितलेल्या ‘द गन’मध्येही खुनाचे ‘कोण’ महत्त्वाचे नाही, आणि स्लोविकचे काय झाले हे तर नावातच सांगितले आहे. गंभीर विषय असो वा करमणूक, शेवट आधी सांगून मधल्या वाटेकडे लक्ष वेधण्याची सवय दोन्हीकडे एकच आहे.

शब्दकोडे

मी या चर्चेत थोडा वेगळा सूर लावतो. मला कोड्यांची आवड असल्यामुळे खुनी आधी दाखवणे हे मला नेहमीच फसवणुकीसारखे वाटत आले. माझ्या दृष्टीने या जोडीचे सर्वांत प्रामाणिक काम म्हणजे १९७५-७६ मधील ‘एलरी क्वीन’ ही मालिका. काळ दुसऱ्या महायुद्धानंतरचा, शहर न्यूयॉर्क, जिम हटन हे विसराळू लेखक-गुप्तहेराच्या भूमिकेत आणि डेव्हिड वेन हे त्याच्या पोलीस इन्स्पेक्टर वडिलांच्या भूमिकेत. उलगड्यापूर्वी एलरी कॅमेऱ्याकडे वळून थेट प्रेक्षकाला विचारतो की सर्व दुवे आपल्यासमोर आले आहेत, आता आपण सांगा. ती मालिका एका हंगामात, बावीस भागांनंतर बंद झाली. प्रेक्षकांना दुसऱ्या खोलीत चहा टाकण्यासाठी उठण्याची मुभाच तिने ठेवली नव्हती. एक वाक्य निसटले की कोडे हातचे गेले.

येथे आणखी एक गंमत आहे. एलरी क्वीन हे नाव मुळात फ्रेडरिक डॅने आणि मॅनफ्रेड ली या नात्याने भाऊ असलेल्या दोन लेखकांचे टोपणनाव. म्हणजे एका लेखकजोडीने निर्माण केलेल्या गुप्तहेरावर दुसऱ्या लेखकजोडीने मालिका केली. आणि लेख सुरू करताना आपण ज्या मासिकाचा उल्लेख केला, ज्याने विद्यार्थिदशेत या दोघांची पहिली कथा छापली, त्याचे संपादक डॅनेच होते. वीस वर्षांनी फेडलेले हे ऋण दुर्दैवाने वाहिनीला परवडले नाही.

दूरदेशी

ते ऋण वाया गेले नाही, असे म्हणावेसे वाटते. त्या मालिकेवर काम केलेले पीटर फिशर यांच्याबरोबर याच दोघांनी १९८४ मध्ये ‘मर्डर, शी रोट’ निर्माण केली. कोडे तेच, परंतु सुटसुटीत केलेले. आणि उलगडा करणारी व्यक्ती मेन राज्यातील किनाऱ्यावरच्या एका काल्पनिक गावात राहणारी, विधवा, निवृत्त शिक्षिका, जी उतारवयात रहस्यकथा लिहून प्रसिद्ध झाली आहे. भूमिका आधी जीन स्टेपलटन यांना देऊ केली होती. त्यांनी नाकारल्यावर ती अँजेला लॅन्सबरी यांच्याकडे आली. बारा हंगाम आणि २६४ भाग चाललेल्या त्या मालिकेत लॅन्सबरी यांना प्रत्येक हंगामासाठी एमीचे नामांकन मिळाले आणि पारितोषिक एकदाही मिळाले नाही. साठीकडे झुकलेली स्त्री रविवारच्या रात्री मुख्य भूमिकेत, आणि तिला कोणाच्या आधाराची गरज नाही, ही गोष्ट त्या काळात सोपी नव्हती.

अडगळीतला वाचक

‘मॅनिक्स’चे नाव अजून कोणीच घेतले नाही, म्हणून नोंद करून ठेवतो. १९६७ ते १९७५ अशी आठ वर्षे चाललेली ती खासगी गुप्तहेराची मालिकाही यांच्याच कल्पनेतून आली. मूळ कल्पना अशी होती की संगणकांवर चालणाऱ्या एका मोठ्या गुप्तहेर संस्थेत हा एक हट्टी, स्वतःच्या डोक्याने चालणारा माणूस आहे. दुसऱ्या हंगामापासून संगणक काढून टाकले, मॅनिक्स स्वतंत्र झाला, आणि उरली ती मारामारी. मालिका यशस्वी झाली, परंतु तिच्यात या दोघांचे असे फारसे उरले नव्हते.

टंकलेखनिका

जोडीचा शेवट कसा झाला, हे कोणी सांगेल का? मतभेद झाले होते का? लेखकांच्या जोड्या बहुधा त्यावरच तुटतात.

रात्रप्रवासी

मतभेदाने नव्हे. १२ मार्च १९८७ रोजी लेव्हिन्सन यांचे हृदयविकाराने निधन झाले, तेव्हा ते ५२ वर्षांचे होते. शाळेच्या पहिल्या दिवसापासून एक्केचाळीस वर्षे. दोघांनी मिळून आपल्या व्यवसायाविषयी ‘स्टे ट्यून्ड’ हे अतिशय वाचनीय पुस्तक १९८१ मध्ये लिहिले होते. पटकथेवरून वाहिनीशी होणारे वाद, तडजोडी आणि काही ठिकाणी स्वतःच्या चुका त्यात मोकळेपणाने सांगितल्या आहेत.

लिंक त्यानंतर तेहतीस वर्षे जगले. एकत्र लिहिणाऱ्या दोन मित्रांवर त्यांनी लिहिलेला ‘द बॉइज’ हा दूरचित्रपट १९९१ मध्ये आला. २०१० मध्ये त्यांनी कोलंबोच्या बारा नवीन कथांचा संग्रह प्रसिद्ध केला, यावेळी मुखपृष्ठावर एकच नाव होते. ‘मिस्टरी रायटर्स ऑफ अमेरिका’ने २०१८ मध्ये त्यांना ग्रँड मास्टर हा बहुमान दिला, आणि २७ डिसेंबर २०२० रोजी, ८७ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

शब्दकोडे

आपल्या सर्वांच्या आग्रहामुळे कोलंबोला आणखी एक संधी देण्याचे ठरवले आहे. सुरुवात कोठून करावी?

रात्रप्रवासी

नियमित मालिकेच्या पहिल्याच भागापासून करावी, ‘मर्डर बाय द बुक’. पटकथा स्टीव्हन बोच्को यांची, दिग्दर्शन तेव्हा विशीत असलेल्या स्टीव्हन स्पीलबर्ग यांचे. सुरुवातीला बराच वेळ टंकयंत्राच्या टकटकीशिवाय काहीही ऐकू येत नाही. एक लेखक कार्यालयात एकटा लिहीत बसला आहे आणि खाली रस्त्यावरून एक गाडी येत आहे. खून कोणी केला हे आपण रागावणार नसाल तर सांगतो, कारण येथे ते चालते : दोघे मिळून रहस्यकथा लिहितात आणि दोघांच्या नावावर त्या खपतात, परंतु प्रत्यक्षात लिहितो एकच. लिहिणाऱ्याने वेगळे होण्याचे ठरवल्यावर न लिहिणारा त्याला मारतो. आपल्या मालिकेचा आरंभ लेव्हिन्सन आणि लिंक यांनी या कथेने होऊ दिला, ही मला त्यांची सर्वांत धीट विनोदबुद्धी वाटते.

शेवटी कोलंबोला मृत लेखकाच्या टिपणांत एक जुना कागद सापडतो आणि त्यावर याच खुनाची युक्ती जशीच्या तशी लिहिलेली असते. खुनी ते वाचतो, नाकारत नाही, आणि काहीशा अभिमानाने सांगतो की ती कल्पना त्याची स्वतःची होती, आयुष्यात सुचलेली एकमेव चांगली कल्पना. ती कागदावर उतरवली होती मात्र जोडीदाराने.